आत्या पान उघडते

एका मंगळवारी सकाळी आमच्या शहरात एकशे चाळीस सोफे रस्त्यावर आले, आणि ते माझ्यामुळे आले. आकडा ट्रकवाल्यांचा आहे, मी फक्त कारण आहे. गाद्या, पाय गेलेली टेबलं, दार नसलेली कपाटं आणि कपाट नसलेली दारं त्यात धरलेली नाहीत.

झालं ते असं. मी शहराच्या माहिती कचेरीत मजकूर लिहितो. नळ गळत असेल तर कोणाला फोन करायचा, कुत्रा पाळायचा तर कुठला अर्ज भरायचा, बाग किती वाजता बंद होते, अशी सहा-सातशे पानं आमच्या संकेतस्थळावर आहेत. त्यातलं एक पान जुन्या जड सामानाचं. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, नको असलेलं सामान सकाळी फुटपाथवर आणून ठेवायचं. ट्रक येतो, घेऊन जातो. वार होता मंगळवार. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे सोमवारी दुपारी चार वाजता, ट्रक खात्याची चिठ्ठी आली की या महिन्यापासून मंगळवारऐवजी बुधवार.

चिठ्ठी माझ्याकडे नव्हती आली, आत्याकडे आली होती. प्रसिद्ध झालेलं पान पुन्हा उघडून त्यात दुरुस्ती करणं हे आमच्याकडे आत्याचं काम. ती त्या वेळी खालच्या मजल्यावर होती. तिथे कुणाच्या तरी फोटोखाली कुणाचं तरी नाव पडलं होतं आणि दोघंही रुसले होते. वर तिच्या टेबलावर चिठ्ठी होती, पडद्यावर तिची काळी खिडकी उघडी होती, आणि शेजारच्या टेबलावर मी रिकामा होतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो. माझ्या समोर भिंत नव्हती, ती खिडकी होती.

या खिडकीत बटणं नाहीत, चित्रं नाहीत. एक चौकोनी ठिपका लुकलुकत असतो, त्याच्यापुढे कमांड टाइप करायची. आधी 'उघड', मग पानाचा क्रमांक. पान उघडलं की दुरुस्ती करायची. मग खिडकी विचारते, किरकोळ की मोठी? आपण क किंवा म दाबायचं. शेवटी विचारते, कारण? कारण लिहिल्याशिवाय पान पुन्हा बंद होत नाही. आत्याला हे करताना मी चारशे वेळा तरी पाहिलं होतं. काठावर बसून चारशे वेळा पाहिलं की पोहता येतं, अशीच माझी समजूत असावी.

किरकोळ आणि मोठी यांत फरक एवढाच, की किरकोळ दुरुस्ती पानात गुपचूप जाऊन बसते. मोठी असेल तर पानावरची तारीख बदलते आणि ज्यांनी ज्यांनी नाव नोंदवलंय त्या सगळ्यांना मेल जातो. सामानाच्या पानासाठी अकरा हजार घरांनी नाव नोंदवलं होतं. मी 'मंगळवार' खोडून 'बुधवार' केलं. एक शब्द. त्यातला 'वार' तर तसाच होता, म्हणजे खरं पाहता अर्धाच. अर्ध्या शब्दासाठी अकरा हजार घरांना त्रास कशाला? मी क दाबला. कारण जरा मन लावून लिहिलं, चिठ्ठी खिळ्याला टोचली आणि एक सत्कृत्य केल्याच्या समाधानात घरी गेलो.

अकरा हजार घरांना गेल्या महिन्यापासून मंगळवार ठाऊक होता. मंगळवारी सकाळी त्यांनी सोफे बाहेर आणले.

दृश्य पाहण्यासारखं होतं, हे मी कबूल करतो. ट्रक येईना, तेव्हा माणसं वाट बघत सोफ्यांवरच बसली. वाट बघायची तर उभं राहून कोण बघतो? दहापर्यंत कुणी तरी थर्मास आणला. अकरापर्यंत रस्त्याचा दिवाणखाना झाला. वाळत घातलेल्या कपड्यांवरून सहा वर्षं न बोलणाऱ्या दोन शेजारणी एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या होत्या, आणि सोफ्याची स्प्रिंग मधोमध गेलेली असल्यामुळे बाराच्या सुमाराला नाइलाजाने जवळ आल्या. एक गृहस्थ आपण टाकायला आणलेल्या गादीवर झोपले आणि उठल्यावर म्हणाले, गादी चांगली आहे, परत वर न्या.

कचेरीतला फोन मात्र सकाळी आठपासून ठणाणत होता. बस वळत नव्हती. दुकानांची दारं अडली होती. मी प्रत्येक फोनला "चौकशी करून कळवतो" असं सांगत होतो. चौकशी करायला मला फार लांब जावं लागणार नव्हतं.

दुपारी साहेब बाहेर आले. आमचे साहेब गोल, सावध आणि मनाने चांगले आहेत, पण त्यांना एकट्याने निर्णय घ्यायची भीती वाटते. माणसं पावसाला भितात तसे ते जबाबदारीला भितात आणि समितीची छत्री उघडतात. त्यांच्या हातात एक कागद होता. कुठलं पान कुणी, केव्हा उघडलं याची नोंद खिडकी आपणहून ठेवते, त्या नोंदीतला तो कागद.

"आत्या, सामानाचं पान काल चार वाजून बारा मिनिटांनी तुमच्या नावावर उघडलं गेलंय. आणि क दाबलाय."

आत्याने कागद हातात घेतला, चष्मा वर केला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि परत दिला.

"माझ्याच नावावर उघडलंय," ती म्हणाली. "खरं आहे."

"एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं."

"नव्हतं."

"मग माझ्यापुढे इलाज नाही. गुरुवारी बैठक घेतो. यापुढे एकदा प्रसिद्ध झालेलं पान उघडायचंच नाही. पाच जणांची समिती, महिन्याच्या पहिल्या सोमवारी बसेल, काय बदलायचं ते एकदम ठरवेल. ती काळी खिडकी बंद. तुम्हाला दुसरं काही तरी काम देऊ."

मी तिथेच, चार हातांवर, उभा होतो. आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. फोन पुन्हा वाजला आणि मी तो इतक्या तत्परतेने उचलला की पलीकडची बाई दचकली.

आता आत्या म्हणजे कोण, ते सांगायला हवं. ती माझी आत्या नाही. कचेरीत कुणाचीच नाही. फार वर्षांपूर्वी आवक-जावक टेबलावर एक मुलगी होती, तिची ती सख्खी आत्या. मुलगी हाक मारायची म्हणून शेजारचा मारायला लागला, त्याचं ऐकून शिपाई, शिपायाचं ऐकून साहेब. मुलगी लग्न करून नोकरी सोडून गेली, आत्या मागे राहिली. समोर आम्ही तिला 'तुम्ही' म्हणतो, पण मनातल्या मनात आत्याला कोण 'तुम्ही' म्हणतं? वय अठ्ठावन्न, उंची बेताची, केस बांधलेले, चष्म्याला दोरी. बोलणं इतकं थोडं, की नवीन माणसाला वाटतं बाईंचा घसा बसलाय.

माहिती कचेरीत येण्याआधी ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिथली एक गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, तीही मी फार खोदलं म्हणून. शहराची टेलिफोन डिरेक्टरी छापायला आली होती. तिने तपासलेल्या पानावर रेल्वे चौकशीच्या नंबरात एका आकड्याची चूक राहिली, आणि तो नंबर निघाला एका शिंप्याचा. चाळीस हजार प्रती छापून, बांधून, घरोघर गेलेल्या. पुढची डिरेक्टरी वर्षाने. वर्षभर गावाला गाडी पकडायची असली की लोक त्या शिंप्याला फोन करायचे.

"मग त्याने काय केलं?" मी विचारलं होतं.

"पहिला महिना शिव्या दिल्या. दुसऱ्या महिन्यात वेळापत्रक आणून भिंतीला लावलं."

"आणि तुम्ही?"

"मी त्याच्याकडे जाऊन सांगितलं, चूक माझी आहे. तो म्हणाला, बसा, एवढा एक फोन घेतो. सात-वीसची गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती."

ती वर्षभर रोज त्या दुकानावरून जायची आणि फोन वाजताना ऐकायची. हातात चूक दिसतेय, बरोबर आकडा पाठ आहे, आणि काही करता येत नाही. छापलं की छापलं. पुढे आमच्या कचेरीत आल्यावर एका इंजिनिअरने तिला ती काळी खिडकी दाखवली आणि म्हणाला, यात प्रसिद्ध झालेलं पान परत उघडता येतं. आत्याने म्हणे त्याला तीन वेळा विचारलं. परत म्हणजे परत? लोकांच्या हातात गेल्यावर? तो म्हणाला, हो. तो इंजिनिअर नंतर दूर कुठे तरी निघून गेला. त्याच्या जागी आलेल्यांनी 'याऐवजी छान बटणं देतो' असं दर वर्षी सांगितलं आणि दर वर्षी तेही निघून गेले. खिडकी आणि आत्या राहिल्या.

सकाळी साडेनऊला ती येते, डबा खणात ठेवते, 'उघड' टाइप करते. बागेच्या वेळा, बदललेला फोन नंबर, कुठे राहून गेलेला शब्द. दिवसाला सात-आठ. एकोणीस वर्षांत चाळीस हजारांच्या जवळपास नोंदी होतील. आणि प्रत्येकीपुढे खिडकीने विचारलेलं कारण. फुरसतीत मी ती कारणं वाचत बसतो, त्यांच्यासारखी करमणूक नाही. कुत्र्याच्या अर्जाचं पान: 'अर्ज मालकाने भरायचा. कुत्र्याने भरायचा असं वाटत होतं.' बागेचं पान: 'बंद केव्हा होते ते होतं, उघडते केव्हा ते नव्हतं. लोक आतच राहत होते का?' साहेबांचा नागरिकांना संदेश: 'वाक्य संपत नव्हतं. संपवलं.' मी लिहिलेल्या वाचनालयाच्या पानापुढे: 'पाच विशेषणं काढली. आता दार दिसतं.' बऱ्याच ठिकाणी नुसतं 'चुकलं होतं.' आणि एके ठिकाणी, 'मागची दुरुस्ती माझीच. तीही चुकली होती.'

तर या बाईची खिडकी माझ्या एका क पायी बंद होणार होती.

बुधवारी ट्रक आले आणि सोफे गेले. संध्याकाळी मी ठरवलं की आत्याच्या घरी जायचं आणि काय ते सांगून टाकायचं. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यापर्यंत माझं वाक्य तयार होतं, दुसऱ्यावर त्याला प्रस्तावना लागली, तिसऱ्यावर प्रस्तावनाच उरली.

दार आत्याच्या नवऱ्याने उघडलं. आत्याचा नवरा म्हणून कचेरीत आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. निवृत्त सुतार. अंगात जुना सदरा, कानावर पेन्सिल. आत पाऊल टाकायला जागा नव्हती. दिवाणखान्यात सहा खुर्च्या उलट्या पडल्या होत्या, पाय वर करून.

"या, या," आतोबा म्हणाले. "बसा. पण तिच्यावर नको, तिचा पाय अजून माझ्याकडे आहे."

"एवढ्या खुर्च्या?"

"मंगळवारी आणल्या. ज्याने कुणी तो घोटाळा केला त्याचं कल्याण होवो. एरवी ट्रक सकाळी सातला येतो, माणसाला बघायला वेळ मिळत नाही. काल अख्खा दिवस मिळाला. जत्रा होती हो जत्रा. शिसवी खुर्ची, का टाकली, तर एक खिळा ढिला."

माझ्या घोटाळ्याला मिळालेला तो पहिला आशीर्वाद. मी एका तीन पायांच्या स्टुलावर तोल सांभाळत बसलो. भिंतीवर स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या दाराशेजारी वाणसामानाची यादी टाचलेली होती. आतोबांच्या अक्षरात, आणि तिच्यावर आत्याच्या लाल पेन्सिलीच्या खुणा. 'साखर थोडी' मधल्या 'थोडी'ला गोल करून बाजूला लिहिलं होतं, किती?

आतोबांनी माझी नजर पाहिली. "लग्नाला चौतीस वर्षं झाली. अजून माझ्यावर किरकोळ दुरुस्त्या चालूच आहेत."

"किरकोळ कुठल्या," आत्या आतून चहा घेऊन येत म्हणाली. "मोठ्या होत्या त्या सोडून दिल्या."

"ऐकलंत?"

चहा झाला. बिस्किटं झाली. आतोबांनी खुर्चीचा पाय कसा बसवतात ते दाखवलं, मी फार रस असल्यासारखं पाहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय, ते मला त्या स्टुलावर कळलं. आत्या समोर बसून तांदूळ निवडत होती. मधेच म्हणाली, "पलीकडच्या रस्त्यावरचे ते काठीवाले आजोबा आहेत ना, काल फुटपाथवर जागा नाही म्हणून भर रस्त्यातून चालत गेले. मागे बस."

"काही झालं का त्यांना?"

"नाही. बसवाला थांबला." तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. "काही सांगायचं होतं का तुला?"

"छे. सहजच आलो होतो."

"सहज कुणी चार मजले चढत नाही."

मी हसलो. ती हसली नाही. निघताना आतोबा जिन्यापर्यंत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या बैठक आहे म्हणे. ती काही बोलत नाही. पण काल रात्रीपासून तिने माझ्या यादीला हात लावलेला नाही. 'तेल आणणे' लिहून ठेवलंय मी मुद्दाम, किती ते न लिहिता. तशीच आहे." मी मान हलवली. उतरताना चार मजले चाळीस झाले.

गुरुवारी अकराला साहेबांच्या खोलीत आम्ही सहा जण. मधे लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास. माझा ग्लास बैठक सुरू व्हायच्या आत संपला. मी ठरवून आलो होतो, की साहेबांचं प्रास्ताविक झालं की उठायचं. पण साहेबांची प्रास्ताविकं आत्याच्या हातून गेल्याशिवाय संपत नाहीत. समितीची रचना झाली, समितीच्या सभांचे वार झाले. शेवटी साहेबांनी तो कागद उचलला.

"आता मूळ घटना. नोंदीत राहावी म्हणून वाचतो. पान क्रमांक दोनशे सहा. दुरुस्ती किरकोळ. कारण..." साहेबांनी घसा साफ केला. "'सदर पानावरील माहिती अधिकाधिक अचूक, अद्ययावत व लोकाभिमुख व्हावी या उदात्त हेतूने उचित तो बदल करण्यात येत आहे.'"



साहेबांनी तो कागद पुन्हा मनात वाचला. मंगळवारी त्यांनी फक्त नाव, वेळ आणि क पाहिला होता. "आत्या," ते सावकाश म्हणाले, "हे तुम्ही लिहिलंय?"

आत्याने उत्तर द्यायची गरजच पडली नाही. टेबलाभोवतीची चार डोकी, टेबलपंखा वळावा तशी, एकाच वेगाने माझ्याकडे वळली. आमच्या कचेरीत 'उदात्त' हा शब्द वापरणारा माणूस एकच आहे.

मी उभा राहिलो, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे त्या नजरांनी मला कॉलर धरून उभं केलं.

"साहेब, पान मी उघडलं. आत्या खाली गेल्या होत्या. क मी दाबला."

"आणि तीन दिवस काय करत होतात?"

"घाबरत होतो."

कुणी तरी खोकल्यात हसू लपवलं. साहेबांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी कागद खाली ठेवला, आणि मी ज्याची कल्पनाच केली नव्हती ते बोलले. "म्हणजे माझं म्हणणं जास्तच खरं ठरतं. आत्या चुकल्या असत्या तर एकवेळ मी विचार केला असता. इथे तर जाता-येता कुणीही पान उघडतोय. नाही, ही खिडकी बंदच केलेली बरी."

मी मटकन खाली बसलो. तीन दिवस दडवलं तेव्हा आत्याचं नुकसान करत होतो, खरं बोललो तर त्याहून जास्त केलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आत्याने चष्मा काढून दोरीवर सोडला.

"साहेब, बोलू का?"

"बोला."

"खिडकी उघडी टाकून मी उठले, ती चूक माझी. ती लिहून घ्या. आता समितीचं. चिठ्ठी आली सोमवारी चारला. तुमची समिती बसणार पुढच्या महिन्यात. तोवर पानावर मंगळवारच. सोफे आले तसे आलेच असते. फरक एवढाच, की चूक कुणाच्याच नावावर नसती."

साहेबांनी पेन उचललं, परत ठेवलं.

"उघडल्यामुळे बिघडलं नाही," आत्या म्हणाली. "उघडून त्याने ते लहान आहे म्हटलं, त्यामुळे बिघडलं."

"पण लहान काय नि मोठं काय, ते ठरवायचं कुणी?"

"पायांनी."

"कुणाच्या?"

"वाचणाऱ्याच्या. मी दर वेळी बघते. या दुरुस्तीने कुणाचे पाय वेगळीकडे वळणार आहेत का? वेगळ्या दिवशी, वेगळ्या दाराशी, वेगळ्या मजल्यावर? वळणार असतील तर मोठी, मग एक आकडा का असेना. नसतील तर किरकोळ, मग अख्खं पान का असेना."

एवढं सलग बोलताना आम्ही तिला पहिल्यांदाच ऐकत होतो. साहेबही ऐकत होते, पण त्यांच्या मनात काही तरी जुनं सलत असावं.

"माझ्या संदेशातलं सात ओळींचं वाक्य तुम्ही दोन ओळींत आणलंत," ते म्हणाले. "ती किरकोळ, असं नोंदवलंय."

"किरकोळच होती. त्या वाक्याने कुणाचे पाय हलले नव्हते."

या वेळी खोकल्याने कुणाचंच हसू लपलं नाही. साहेब लाल झाले, मग त्यांच्या गोल चेहऱ्यावर काही तरी सैल पडलं आणि तेही हसले. हसल्यावर माणसाला पाच जणांची समिती नेमणं जरा अवघड जातं. त्यांनी निर्णय घेतला, तोही एकट्याने, त्याचं आश्चर्य त्यांना स्वतःलाच सगळ्यांत जास्त वाटलं असावं. खिडकी राहील. पान आत्याच उघडेल. क आणि म विचारायच्या आधी खिडकी आणखी एक प्रश्न विचारेल, 'पाय वळतात का?' टेबल सोडून उठलं की खिडकी कुलूपबंद. आणि तीन महिने रोज दुपारी दोन ते चार मी आत्याच्या शेजारी बसून शिकायचं. "म्हणजे त्या रजेवर असल्या तर हाताशी कुणी तरी असेल," साहेब म्हणाले. शिक्षा होती की बढती, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच दुपारी दोन वाजता मी माझी खुर्ची ओढून आत्याच्या टेबलाशी नेली. तिने की-बोर्ड माझ्यापुढे सरकवला.

"दोनशे सहा."

मी टाइप केलं, उघड, दोनशे सहा. पान उघडलं. सामान, फुटपाथ, बुधवार. खाली मी एक ओळ घातली: 'वार बदलल्याचं वेळेवर कळवायचं राहिलं. ही चूक माहिती कचेरीकडून झाली.'

आत्या बघत होती. "कचेरीला हात असतात?"

मी खोडलं आणि लिहिलं, 'ही चूक मजकूर लेखकाकडून झाली. पुढचा ट्रक बुधवारी.' नवा प्रश्न आताच्या इंजिनिअरने अजून घातला नव्हता, म्हणून तो आत्यानेच विचारला. मी म्हणालो, वळतात. म दाबला. अकरा हजार घरांना मेल गेला. मग खिडकीने विचारलं, कारण? माझी बोटं सवयीने 'सदर'वर गेली. शेजारून नुसता एक श्वास ऐकू आला. मी 'सदर' पुसलं आणि 'चुकलं होतं' एवढंच लिहिलं. पान बंद झालं.

ठिपका लुकलुकत होता. आत्याने खणातून डबा काढला, दोन बिस्किटं माझ्या बाजूला ठेवली. आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, असं मला वाटलं.

"आत्या, माझं काम आहे हे तुम्हाला मंगळवारीच कळलं होतं ना?"

"'उदात्त' वाचलं तेव्हाच."

"मग साहेब तुम्हाला एवढं बोलले, खिडकी काढून घेत होते, तरी तीन दिवस माझं नाव का नाही घेतलंत?"

तिने चष्मा नाकावर बसवला आणि पुढची चिठ्ठी उचलली.

"पान तुझं होतं, मी कशाला उघडू?"